गाडी भाड्याची, हाडं स्वतःची

नोव्हेंबर 2024 मध्ये बार्सिलोनाला होर्हे मार्टिन मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या वर्गाचा, विश्वविजेता झाला, तेव्हापासून एक युक्तिवाद सतत कानावर येतो. मार्टिन प्रामॅक या स्वतंत्र, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची नसलेल्या, टीमकडून धावत होता. 2002 साली या वर्गाला 500 सीसीऐवजी मोटोजीपी हे नाव आल्यापासून स्वतंत्र टीमच्या रेसरनं अजिंक्यपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा कंपनीचा हात पाठीशी नाही म्हणून चाललेलं रडगाणं आता तरी थांबवा, अंगात दम असला की वाट सापडतेच, असं हे म्हणणं. त्याला उत्तर देणारे थेट दुसऱ्या टोकाला जातात. त्यांना जुनी छायाचित्रं आठवतात. व्हॅनमध्ये झोपणारे, रात्रभर स्वतःच इंजिन खोलून बसणारे आणि सकाळी त्याच काळ्या हातांनी हँडल धरणारे रेसर. खरं रेसिंग ते, बाकी सगळा पैशाचा खेळ, म्हणून ही मंडळी उसासे टाकतात. मला दोन्ही बाजू भलत्याच जागी भांडताना दिसतात. पहिली बाजू ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थच तपासत नाही आणि दुसरी बाजू ओढगस्तीला दागिना समजते.

कंपनीच्या पाठबळाशिवाय धावणाऱ्या रेसरचा प्रश्न मुळात मालकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. जिंकू शकेल अशी गाडी त्याला पैसे मोजून विकत घेता येते का? आणि तो ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होते त्या रांगांत, येऊन उभा राहतो म्हणून शर्यत भरल्यासारखी दिसते, त्याचा मोबदला त्याला मिळतो का? ज्या काळात या प्रश्नांची उत्तरं निदान अर्धीमुर्धी ‘हो’ होती, त्या काळात असे रेसर जिंकले. ज्या काळात ती ‘नाही’ झाली, त्या काळात ते मागे पडले, कर्जात बुडाले आणि हळूहळू दिसेनासे झाले. ही उत्तरं आभाळातून पडलेली नाहीत. नियम लिहिणाऱ्यांनी आणि गाड्या बनवणाऱ्यांनी ती ठरवलेली आहेत, म्हणजे ती बदलताही येतात.

आधी मार्टिनबद्दल. त्याच्या कर्तबगारीत मी तसूभरही कमी करत नाही. पण त्याच्याकडे डुकाटीची जीपी24 होती, म्हणजे कंपनीच्या मुख्य टीममध्ये फ्रान्चेस्को बान्याया चालवत होता तीच गाडी. त्याचा करारही थेट डुकाटीशी होता. स्वतंत्र टीमचा हा विजय खराच आहे, पण त्यावरून स्वतंत्र रेसरची स्थिती सुधारली असं म्हणता येत नाही. याच्या शेजारी 1980 चा जॉन एकरोल्ड ठेवून पाहा. दक्षिण आफ्रिकेचा हा माणूस 350 सीसी वर्गात स्वतःच्या हिमतीवर धावत होता. त्याच्याकडे बिमोटाची फ्रेम आणि यामाहाचं इंजिन होतं, आणि या दोन्ही वस्तू ऐपत असलेला कोणीही विकत घेऊ शकत होता. शेवटची शर्यत नुर्बुर्गरिंगच्या 22.8 किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर होती. तिथं पोचला तेव्हा एकरोल्ड आणि कावासाकीवरचा अँटोन मँग यांचे गुण समान होते. एकरोल्डनं ती शर्यत जिंकली आणि विश्वविजेतेपदही. त्याआधी 1971 साली फिल रीडनं 250 सीसीचं अजिंक्यपद यामाहा कंपनीच्या मदतीवाचून, बाजारात मिळणाऱ्या यामाहावर मिळवलं होतं. आज मोटोजीपीत एकरोल्डच्या किंवा रीडच्या मार्गानं जायचं कोणी ठरवलं तर? खिशात कितीही पैसे असोत, तो गाडी घ्यायला कोणाच्या दारात जाईल?

विकत मिळणारी गाडी ही या सगळ्या कहाणीतली कळीची गोष्ट आहे. 1949 साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हापासून पुढची दोन दशकं ग्रिडचा मोठा भाग मँक्स नॉर्टन, एजेएस 7आर आणि मॅचलेस जी50 या गाड्यांनी भरलेला असायचा. एका सिलिंडरच्या या गाड्या कंपनी रेसरांनाच विकत होती. रेसर ती घ्यायचा, खोलायचा, समजून घ्यायचा, वर्षानुवर्षं चालवायचा आणि शेवटी दुसऱ्या रेसरला विकून आपले थोडे पैसे परत मिळवायचा. 1969 साली युगोस्लाव्हियातल्या ओपातियाला गॉडफ्रे नॅशनं 500 सीसीची शर्यत जिंकली ती अशाच मँक्स नॉर्टनवर. त्या काळी सगळं जिंकणारी एमव्ही अगुस्ता कंपनी आणि तिचा रेसर अगोस्तिनी त्या शर्यतीला आले नव्हते हे खरं, पण दाराशी आलेली संधी पकडायला नॅशच्या हाताशी चालती गाडी तरी होती. पुढे यामाहानं टीझेड मालिका विक्रीला ठेवली. 1976 पासून सुझुकीनं आरजी500 सर्वांना विकायला काढली आणि 500 सीसीचा वर्ग भरून गेला. ऑगस्ट 1981 मध्ये सिल्व्हरस्टोनला जॅक मिडेलबर्गनं अशाच स्वतःच्या बळावरच्या सुझुकीवर शेवटच्या लॅपमध्ये केनी रॉबर्ट्सला मागे टाकलं. पुढचे काही जण पडले होते म्हणून ते जमलं असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. पण रॉबर्ट्स पडला नव्हता. तो यामाहा कंपनीच्या गाडीवर शेवटपर्यंत लढत होता आणि हरला. 500 सीसीत खऱ्या अर्थानं खासगी असलेल्या रेसरचा तो शेवटचा विजय मानला जातो.

त्यानंतर रेसरांची गुणवत्ता आटली नाही, गाड्यांचं विकणं आटलं. सर्वांत पुढची गाडी कंपनीनं स्वतःकडे ठेवली आणि इतरांना हंगामापुरती भाड्यानं देण्याची रीत पडली. भाड्याची गाडी म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. इंजिन आतून खोलायची मुभा नाही, ते कंपनीकडे जाणार आणि कंपनीकडूनच येणार. नवा सुटा भाग आधी मुख्य टीमला मिळणार, मग उरलाच तर तुम्हाला. हंगाम संपला की गाडी परत. भाडेकरूनं वर्षभर घर राखावं आणि डिसेंबरात किल्ली देऊन बाहेर पडावं, तसं. पुढच्या वर्षी विकायला काही नाही आणि प्रायोजक मिळाला नाही तर निदान छोट्या शर्यतींत उतरायलाही काही नाही. जुन्या रेसरची गाडी म्हणजे त्याची जमीन होती. पीक बुडालं तरी पायाखाली काहीतरी राहायचं. आजचा रेसर भूमिहीन आहे.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यातले काही खरोखर वजनदार आहेत. पहिला मुद्दा असा की रेसिंगचा खर्च कंपन्या करतात, तंत्रज्ञान त्या आणतात, प्रेक्षकही त्यांच्यासाठी येतात, तेव्हा नियमही त्यांच्या सोयीनंच व्हायला हवेत. कंपन्यांशिवाय हा खेळ आजच्या उंचीवर पोचला नसता हे मी मान्य करतो. पण कंपन्या कायमच्या राहायला आलेल्या नसतात. 1957 च्या शेवटी गिलेरा, मोटो गुझी आणि मोंडियाल एकदम निघून गेल्या. 1967 आणि 1968 या दोन वर्षांत होंडा, सुझुकी आणि यामाहा गेल्या. 2009 च्या तोंडावर कावासाकी गेली. 2011 नंतर सुझुकी गेली, परत आली आणि 2022 च्या शेवटी पुन्हा गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएमला दिवाळखोरीच्या कार्यवाहीत जावं लागलं, तेव्हा तिच्या गाड्या पुढच्या वर्षी ग्रिडवर दिसतील की नाही हीच चर्चा होती. ताळेबंद बिघडला की पहिली कात्री रेसिंगला लागते. मग अशा प्रत्येक वेळी खेळ तगवला कोणी? 1968 च्या 500 सीसी हंगामात जाकोमो अगोस्तिनीनं एमव्हीवर दहाच्या दहा शर्यती जिंकल्या. त्याच्या मागे अजिंक्यपदाच्या यादीत दुसरा कोण होता? ऑस्ट्रेलियाचा जॅक फिंडले, मॅचलेस इंजिनाच्या खासगी गाडीवर. फिंडले आणि त्याच्यासारखे इतर नसते, तर अगोस्तिनी दहा वेळा कोणाच्या पुढे आला असता?

तंत्रज्ञानाचंही तसंच. 500 सीसीच्या शर्यतीत टू-स्ट्रोक गाडी पहिल्यांदा जिंकली ती 1971 साली, अल्स्टर ग्रांप्रीत. ती सुझुकी होती आणि तिच्यावर हाच फिंडले होता. 1975 पासून 2001 पर्यंत या वर्गातला प्रत्येक विश्वविजेता टू-स्ट्रोकवरच झाला, म्हणजे पुढची पाव शतकाची दिशा एका खासगी रेसरच्या हातून खुली झाली. न्यूझीलंडच्या किम न्यूकोंबनं तर कोनिग कंपनीचं बोटीला लावायचं इंजिन मोटरसायकलच्या फ्रेममध्ये बसवलं आणि 1973 मध्ये ओपातियाची शर्यत जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला झालेल्या अपघातात तो गेला. हंगाम संपला तेव्हा अजिंक्यपदाच्या यादीत तो दुसरा होता, अगोस्तिनीच्याही पुढे. बोटीच्या इंजिनात कोणाला काय दिसावं! ही प्रयोगशाळा कंपन्यांचीच आहे असं म्हणणाऱ्यांनी न्यूकोंबचं नाव एकदा तरी घ्यावं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तुम्हाला कोणी बोलावलं होतं का? हौस तुमची, जोखीम तुमची, मग खर्चही तुमचाच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं तुम्हीच ठरवलंत, आता भाकरीचे पैसे कसले मागता? यात एक कडू सत्य आहे. या खेळात कोणी बळजबरीनं येत नाही आणि जगानं आपल्या हौसेचं देणं लागतं असं मानणारा रेसर लवकर कडवट होतो. पण शर्यतीला तिकीट लावून ते विकलं जातं, त्या क्षणी हौस हा शब्द अपुरा पडतो. प्रेक्षक तीन गाड्या पाहायला पैसे देत नाही, भरलेलं ग्रिड पाहायला देतो. 1955 साली नेदरलँड्समधल्या आसेनला खासगी रेसरांनी हेच सांगितलं. आयोजक त्यांना देत असलेली स्टार्ट मनी, म्हणजे नुसतं सुरुवातीच्या रेषेवर येण्याचं मानधन, इतकं तुटपुंजं होतं की येण्याजाण्याचा खर्चही निघत नव्हता. 350 सीसीच्या शर्यतीत त्यांनी एक लॅप पूर्ण केला आणि एकामागून एक पिटमध्ये येऊन थांबले. गिलेराचे जेफ ड्यूक आणि रेज आर्मस्ट्राँग कंपनीचे पगारी रेसर होते, त्यांना स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं, तरी ते या लोकांच्या बाजूनं उभे राहिले. आयोजकांना नमतं घ्यावं लागलं. पुढे जागतिक संघटनेनं काय केलं? ड्यूकसह डझनभराहून अधिक रेसरांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. ड्यूकच्या 1956 च्या हंगामातल्या पहिल्या दोन शर्यती हुकल्या आणि त्या वर्षीचं अजिंक्यपद जॉन सर्टीजनं मिळवलं. ड्यूकनं दुसऱ्यांच्या प्रवासखर्चाच्या पैशासाठी आपला हंगाम पणाला लावला. मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

हे सगळं किती बारीक हिशेबावर चालतं ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका शर्यतीच्या आदल्या रात्री मी एका रेसरच्या तंबूपाशी बराच वेळ थांबलो होतो. तो दुपारी पडला होता. फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचाला, वीतभर तडा गेला होता आणि नवी फेअरिंग नव्हती. डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात त्यानं आधी तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे सरकू नये. मग तड्याच्या दोन्ही कडांनी भोकांची रांग पाडून झिप टायनं तो टाके घातल्यासारखा शिवून काढला, वरून चिकटपट्टी मारली आणि हाताचा तळवा फिरवून कुठे कड वर राहिली आहे का ते चाचपलं. बाजूला टायर रचले होते, प्रत्येकावर खडूनं किती लॅप झाले त्याचा आकडा. त्यातला सर्वांत कमी आकड्याचा टायर त्यानं शर्यतीसाठी बाजूला काढला. नवा एकही नव्हता. उजव्या हाताची करंगळी सुजून काळीनिळी झाली होती, तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. ब्रेक लिव्हर मात्र दिव्याखाली धरून तीनदा पाहिला, कारण तो वाकला असता तर बदलायला दुसरा नव्हता. सकाळी हाच माणूस अशा रेसरच्या शेजारी उभा राहणार होता, ज्यानं त्या रात्री फक्त झोप घेतली होती. दुपारी निकालपत्रकावर दोघांच्या वेळेतला फरक सेकंदाच्या अंशांत छापला गेला. त्यातला किती गुणवत्तेचा आणि किती त्या टायरचा, हे त्या कागदावरून कोण सांगणार?

म्हणूनच ‘गुणवत्ता असेल तर कंपनी उचलतेच’ हा तिसरा मुद्दा मला पटत नाही, जरी त्याच्या बाजूला मोठी नावं आहेत. बॅरी शीननं 1971 साली कंपनीनं वापरून झालेली 125 सीसीची सुझुकी विकत घेतली आणि त्या वर्षी अजिंक्यपदात आंखेल निएतोच्या मागे दुसरा आला. कार्ल फोगार्टी 1992 मध्ये खासगी डुकाटी घेऊन वर्ल्ड सुपरबाइक या रस्त्यावरच्या मॉडेलांवर आधारलेल्या गाड्यांच्या जागतिक मालिकेत उतरला, डोनिंग्टनला जिंकला आणि मग कंपनीचा झाला. पण शीनचे वडील स्वतः इंजिनं तयार करणारे होते, फोगार्टीचे वडील रेसर होते. माइक हेलवूडच्या वडिलांचा मोटरसायकल विक्रीचा भरभराटीचा धंदा होता. हे तिघेही असामान्य होते यात वाद नाही. पण कोणीतरी पाहीपर्यंत तग धरण्याची सोय त्यांच्या घरात होती. ज्यांच्या घरात ती नव्हती, त्यांच्यातले किती शीन आणि किती फोगार्टी दुसऱ्याच हंगामात गाडी विकून नोकरीला लागले, याची नोंद कुठेच नाही. आज तर मोटोजीपीच्या खालच्या मोटो2 आणि मोटो3 या वर्गांत टीमला पैसे देऊन जागा मिळवणारे रेसर असतात हे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या टीमांच्या तळावर, सर्वांना ठाऊक आहे. टीमलाही खर्च भागवायचा असतो, म्हणून मी तिच्या नावानं बोटं मोडत नाही. पण ज्या शिडीची पहिली पायरी विकली जाते, तिच्यावरून वर आलेल्यांकडे पाहून ‘गुणवत्ता वर येतेच’ म्हणणं म्हणजे फी भरलेल्यांचीच परीक्षा घेऊन सगळ्या मुलांचा निकाल लावणं.

चौथा मुद्दा मला खरोखर विचारात पाडतो. स्वतंत्र टीमांना मदत करून पाहिली आणि ती फसली, असं म्हणतात. 2012 मध्ये मोटोजीपीत सीआरटी नावाची तरतूद आली. लहान टीमांनी रस्त्यावरच्या गाड्यांवरून घेतलेली इंजिनं वेगळ्या फ्रेममध्ये बसवून धावायचं, आणि कोणी लपूनछपून महागडं इंजिन वापरू नये म्हणून कंपन्यांना ते इंजिन 20,000 युरोत मागून घेण्याचा हक्क. त्या गाड्या हळू होत्या. एकाच शर्यतीत दोन वेगळ्या शर्यती चालल्यासारखं दिसायचं, प्रेक्षक वैतागले आणि दोन हंगामांत हा प्रयोग गुंडाळला गेला. हे अपयश मी झाकत नाही. पण तो का फसला? लहान टीमांना वेगळी, कमी ताकदीची गाडी देऊन वेगळ्या रांगेत बसवलं म्हणून. जिथं सर्वांना सारखी वस्तू मिळाली तिथला अनुभव अगदी उलटा आहे. टायरच्या कंपन्या आपापसांत स्पर्धा करायच्या त्या काळात, 2007 च्या आधी, युरोपातल्या शर्यतींसाठी मिशेलिन शनिवारच्या रात्री खास टायर बनवून रविवारी सकाळी लाडक्या रेसरांपर्यंत पोचवायची. बाकीच्यांना ते मिळत नसत. 2007 मध्ये टायर आधीच निवडून ठेवण्याचा नियम आला आणि ही शनिवारची रात्र बंद झाली, 2009 पासून तर सर्वांना एकच पुरवठादार आला. 2016 मध्ये सर्वांना एकच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि एकच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. त्या एका वर्षात नऊ वेगवेगळे रेसर जिंकले. 2006 मध्ये एस्तोरिलला टोनी एलियास जिंकला होता, त्यानंतर स्वतंत्र टीमच्या एकाही रेसरला मोटोजीपीची शर्यत जिंकता आली नव्हती. 2016 मध्ये आसेनला जॅक मिलर जिंकला, मग ब्रनोला आणि फिलिप आयलंडला कॅल क्रचलो. आसेन आणि ब्रनोला पावसानं हात दिला, हे लगेच कोणीतरी म्हणेल. फिलिप आयलंडची शर्यत कोरड्या ट्रॅकवर झाली होती.

इंजिन विकत मिळालं की काय होतं याचे दाखले हवे तेवढे आहेत. 1992 मध्ये 500 सीसीचं ग्रिड रोडावलं, तेव्हा यामाहानं आपली चार सिलिंडरची इंजिनं आरओसी आणि हॅरिस या फ्रेम बनवणाऱ्यांना विकली. 1993 च्या ब्रिटिश ग्रांप्रीत नायल मॅकेन्झी अशाच खासगी आरओसी यामाहावर तिसरा आला. मोटारींच्या दुनियेत फोर्डच्या पैशानं बनलेलं कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन 1967 मध्ये लोटस या एकाच टीमकडे होतं. पुढच्या वर्षापासून ते इतरांनाही विकलं गेलं आणि छोट्या कार्यशाळांमधून उभ्या राहिलेल्या टीम फॉर्म्युला वनमध्ये जिंकू लागल्या. त्या एका इंजिनाच्या नावावर 155 विजय आहेत. यानं फोर्डचं काय नुकसान झालं? उलट एका टीमच्या यशापेक्षा किती तरी मोठं नाव झालं.

हळू रेसर धोकादायक असतात, त्यांना उगाच टिकवू नका, असंही म्हणतात. त्यासाठी पात्रता फेरी आहे. सर्वांत वेगवान वेळेच्या ठराविक टक्क्यांत जो येत नाही तो शर्यतीत उतरतच नाही. ती चाळणी हवी तेवढी बारीक करा, माझी हरकत नाही. पण धोक्याची गोष्ट निघालीच आहे तर दुसरीकडूनही पाहू. 1 मे 1977 रोजी ऑस्ट्रियात झाल्झबुर्गरिंगला 350 सीसीच्या शर्यतीत भीषण अपघात झाला. हान्स श्टाडेलमान गेला, आणखी रेसर जखमी झाले आणि वैद्यकीय मदतीची व्यवस्था लाजिरवाणी होती. त्यानंतर होणाऱ्या 500 सीसीच्या शर्यतीत उतरायला आघाडीच्या रेसरांनी नकार दिला. शर्यत तरीही झाली. ती जिंकली जॅक फिंडलेनं, वयाच्या 42 व्या वर्षी. जे धावले त्यांना दोष देणं सोपं आहे. त्या दिवशी प्रत्येकाच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण एक गोष्ट उघड आहे, ‘नाही’ म्हणायला पैसे लागतात. ज्याला महिन्याचा पगार मिळतो, त्याला धोकादायक ट्रॅकवर न उतरण्याचं धैर्य परवडतं. ज्याचा परतीचा खर्च त्या दिवसाच्या मानधनावर अवलंबून आहे, त्याच्या धैर्याला घरभाड्याचा लगाम असतो. रेसरांचा मोठा हिस्सा असा बांधलेला असेल तर सुरक्षिततेसाठी त्यांची एकजूट होणार कशी?

शरीराचंही तेच. 2013 मध्ये आसेनला गुरुवारी होर्हे लोरेन्झो पडला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. विमानानं बार्सिलोना, रात्री शस्त्रक्रिया, हाडाला प्लेट आणि स्क्रू, विमानानं परत, आणि शनिवारी शर्यतीत पाचवा क्रमांक. त्याच्या जिद्दीला मी मनापासून मानतो. पण ती जिद्द ट्रॅकवर पोचवायला विमान होतं, रात्री हात लावायला तयार असलेले सर्जन होते. स्वतंत्र रेसरचं कॉलरबोनही तसंच मोडतं. तो आधी विम्याच्या कागदातली बारीक अक्षरं वाचतो, मग राहिलेल्या शर्यती मोजतो आणि बहुतेक वेळा हाड नीट सांधायच्या आत परत गाडीवर बसतो, कारण न धावलेल्या शर्यतीचे पैसे कोणी देत नाही. डकारच्या रॅलीत मदतनीसाविना धावणाऱ्यांसाठी खास वेगळा गट आहे. शेकडो किलोमीटर वाळूतून आल्यावर तिथं रेसर रात्री स्वतःच गाडी दुरुस्त करतो. हा त्यांनी समजून उमजून निवडलेला कस आहे आणि मला त्याबद्दल आदरच आहे. तिथं त्या गटातले सगळे एकाच अटीवर उतरतात. जागतिक अजिंक्यपदात मात्र एकानं असं जगायचं आणि त्याच्या शेजारच्यानं नाही, आणि वर दोघांची तुलना गुणवत्तेवर करायची, हे मला मान्य नाही.

मग मागणं काय? जुनी स्टार्ट मनी गेली, ती तशीच परत आणा असं मी म्हणत नाही. 1979 मध्ये केनी रॉबर्ट्स आणि इतर रेसरांनी वेगळी मालिका काढण्याची धमकी दिली, तेव्हा बक्षिसाच्या रकमा वाढवाव्या लागल्या. म्हणजे पैसा होता, तो सोडवून घ्यावा लागला. आजही आहे. लिबर्टी मीडियानं एप्रिल 2024 मध्ये मोटोजीपीची मालकी घेण्याचा करार जाहीर केला, त्यात या खेळाचं मोल 4.2 अब्ज युरो धरलं होतं. ते मोल शेवटच्या रांगेतल्या रेसरनंही घडवलं आहे. टेनिसच्या ग्रँड स्लॅममध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ठरलेली रक्कम मिळते आणि त्यामुळे विंबल्डनची शान कमी झालेली नाही. तशी ठरलेली रक्कम तिन्ही वर्गांतल्या प्रत्येक पात्र रेसरला, टीमच्या हातून न जाता थेट त्याच्या नावावर मिळावी. टीमला पैसे देऊन घेतलेली जागा बंद करणं अवघड असेल तर निदान ती जाहीर करणं सक्तीचं करा. आणि सर्वांत महत्त्वाचं, कंपन्यांना मागच्या वर्षीची गाडी विकायला लावा. किमतीला कमाल मर्यादा, सुटे भाग मिळण्याची हमी आणि इंजिन खोलण्याचा हक्क, या तिन्हींसह. किंमत बांधून देणं अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये उतरवायच्या मॉडेलच्या विक्रीच्या किमतीवर 40,000 युरोंची मर्यादा होती, तेव्हा डुकाटीनं 2019 ची पानिगाले व्ही4 आर 39,900 युरोंना बाजारात आणली आणि तीच गाडी पुढे शर्यती जिंकत राहिली. मोटोजीपीची गाडी त्या भावात मिळणार नाही हे मलाही कळतं. आकडा मोठा असेल, पण निदान आकडा असेल.

2027 पासून मोटोजीपीत 1000 सीसीऐवजी 850 सीसीची इंजिनं येणार आहेत. प्रत्येक कंपनी कोऱ्या कागदावरून गाडी बनवते आहे, कोणाकडेच जुनी आघाडी शिल्लक नाही, नियमावलीही नवी आहे. 850 सीसीच्या पहिल्या हंगामातल्या गाड्या डिसेंबर 2027 मध्ये परत कंपन्यांच्या गोदामात जातील. त्यातल्या दोन तरी प्रत्येक कंपनीनं ठरलेल्या किमतीत विक्रीला ठेवाव्यात, हे कलम लिहायचं असेल तर ते आत्ता लिहावं लागेल, करारांवर सह्या होण्याआधी.